म्हातारा काय म्हणाला

तंजावुरात आमच्या गल्लीत एक समज पक्का होता. मराठी माणसाला हिंदी येतंच. समज तमिळ शेजाऱ्यांचा असला तरी तो त्यांच्या डोक्यात भरवण्याचं काम माझ्या वडिलांनी केलं होतं. तीनशे वर्षांमागे आमचे पूर्वज राजांच्या मागोमाग इकडे आले, आणि त्यानंतर घरातलं कुणी विंध्य सोडाच, कृष्णासुद्धा ओलांडून गेलं नव्हतं. घरात आम्ही बोलायचो ती मराठी इतकी जुनी आणि तमिळमध्ये इतकी मुरलेली की पुढे पुण्यात मी तोंड उघडलं की लोक विचारत, तुम्ही कानडी का हो? देवनागरी आमच्यापैकी कुणालाच धड वाचता येत नव्हती. आई तिच्या बहिणीला पत्र लिहायची ते मराठीत, पण तमिळ अक्षरांत. हिंदीशी आमची ओळख रेल्वे स्टेशनावरच्या पाटीपुरती, आणि त्या पाटीवरच्या हिंदीलाही बहुतेक वेळा कुणीतरी डांबर फासलेलं असायचं.

पण हे अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, कबूल कसं करावं? ते तालुका कचेरीत कारकून होते. कचेरीत साहेबापुढे वाकायचे आणि गल्लीत शिरताना पाठ ताठ करायचे. आमच्याकडे राजदरबाराची आठवण म्हणून एक गंजलेला अडकित्ता होता आणि अप्पांची ऐट होती, बाकी सगळं इतरांसारखंच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. दारातल्या ओट्यावर बसून ते शेजाऱ्यांना सांगायचे की मराठी आणि हिंदी सख्ख्या बहिणी, एक आली की दुसरी आपोआप येते. शेजाऱ्यांना दोन्ही येत नव्हत्या. मग खोटं कोण पाडणार?

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला होता आणि पानवाल्याकडे रंगीत पेयांच्या नव्या बाटल्या दिसायला लागल्या होत्या. आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या दारांचा. आईने त्याच्या दाराला हळदकुंकू लावलं, ते शेवटपर्यंत पुसलं गेलं नाही.

रविवारी सकाळी, इडल्या खाऊन हात धुतले की, दिल्लीहून एक कार्टून यायचं. ते मुळात जपानचं, हे मला फार वर्षांनी कळलं. तेव्हा आम्हाला ते दिल्लीचंच वाटायचं, आणि दिल्लीतल्या मुलांचे डोळे असेच बशीएवढे असणार अशी माझी समजूत होती. आखूड केसांची एक मुलगी, ठिगळाच्या शिडाची होडी आणि एक लंगडा बगळा. मुलगी घरून एकटी निघालेली, नदीने खाली खाली समुद्राकडे जाणारी. दर रविवारी एक नवं गाव लागे, तिथे कुणीतरी भेटे, काहीतरी बिघडे, आणि शेवटी होडी पुन्हा पाण्यात. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं ओडक्कारी, म्हणजे तमिळमध्ये होडीवाली.

मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या पुढच्या खोलीत बारा-पंधरा पोरं मांडी घालून बसायची. त्यांच्या मागे, उंबऱ्यात, पलीकडच्या घरातले फुलांचे व्यापारी मामा बसायचे. हे मामा म्हणजे मोठी गंमत होती. तरुणपणी हिंदीविरोधी मोर्चात काठी खाल्लेला माणूस, धोतराला पक्षाच्या रंगाची किनार, हिंदी हा शब्द ऐकला तरी नाक मुरडायचे. पण रविवारी नऊला मोगऱ्याचा वास घेऊन उंबऱ्यात हजर! पोरांना सोडायला आलो म्हणायचे आणि संपेपर्यंत हलायचे नाहीत.

पहिल्या रविवारी पडद्यावरची मुलगी बोलायला लागली आणि पोरांनी एकच गलका केला, काय म्हणाली, काय म्हणाली? सगळ्यांच्या माना आरामखुर्चीकडे वळल्या. अप्पांच्या कपाळावर घाम मला दिसला. त्यांनी वर्तमानपत्र वर केलं आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, “सांग गे त्यांस. तुला येतंय की.”

दारात अक्का उभी होती. माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तेव्हा अकरावीत. हातात इडलीपात्राचं फडकं होतं. तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं, जेवढं अप्पांना येत नव्हतं तेवढंच. तिने अप्पांकडे पाहिलं, वर्तमानपत्राकडे पाहिलं, मग पडद्याकडे. फडकं खांद्यावर टाकलं आणि तमिळमध्ये म्हणाली, “ती म्हणत्ये, ही होडी माझ्या आजीची, हिला मी पाण्याबाहेर मरू देणार नाही.”

पोरांच्या माना पुन्हा पडद्याकडे वळल्या. बस, त्या दिवसापासून ते काम तिचं.

आज मी सांगू शकतो की तिने जवळजवळ एकही वाक्य बरोबर सांगितलं नाही. पण तेव्हा आमच्यासाठी ओडक्कारी बोलायची ती अक्काच्याच आवाजात. ती पडद्याकडे तोंड करून, पोरांच्या एका बाजूला, भिंतीला टेकून उभी राहायची. माणसं तोंड उघडून मिटेपर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात बसणारं वाक्य ती बरोबर घडवायची. म्हाताऱ्यांना घोगरा आवाज, सावकाराला नाकातला. बगळा फक्त क्रॅक करायचा, पण त्यालाही ती अर्थ द्यायची, आणि बगळ्याची मतं नेहमी आमच्या आईच्या मतांसारखी असायची, बाहेर जाऊ नको, जेवलीस का, डोकं पूस. पोरं हसून लोळायची. शिडाचा रंग कोणता यावरून एकदा भांडण झालं, तर अक्काने निकाल दिला, तांबडा, कुंकवासारखा तांबडा. आमचा टीव्ही काळा-पांढरा. पण त्यानंतर मला ते शीड तांबडंच दिसायचं.

आणि पुढची गोष्ट तिला कशी जुळवता यायची? मागच्या रविवारी तिने ज्याला ओडक्कारीचा मामा केलं तो पुढच्या रविवारी चोर निघायचा. मग अक्का एक क्षण थांबायची, ओठ चावायची, आणि सांगायची की मामानेच दगा दिला, घरात असंच असतं. मामांना, म्हणजे उंबऱ्यातल्या मामांना, ते फार पटायचं. “खरं आहे, पापा,” ते मान हलवायचे. मुलींना ते पापाच म्हणत, इकडे लहान मुलीला लाडाने तसं म्हणतात.

आठवडाभर ती स्वयंपाकघरात डांगर पचडीसाठी, म्हणजे उडदाच्या पिठाच्या कोशिंबिरीसाठी, दही घुसळताना तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायची. मला वाटायचं अभ्यास करते.

पुढच्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी घरी हिंदीची शिकवणी सुरू केली. परीक्षा असायच्या, प्रमाणपत्रं मिळायची. बँकेतल्या नोकरीला हिंदी लागते असं तेव्हा सगळे म्हणत. अप्पांनी माझं नाव घातलं. अक्का त्या संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाली, “अप्पा, मलाही पाठवा की. दोघं मिळून जातों.”

ओट्यावर मामा होते, समोरचे पोस्टमन होते. अप्पा मोठ्याने हसले. “तुला कशास? तुला येतंयच की. तूच शिकवशील मास्तरांस!”

सगळे हसले. अक्काही हसली. ती दुसरं काय करणार होती? मला येत नाही असं तिने म्हटलं असतं तर अप्पांचं नाक ओट्यावरच कापलं गेलं असतं. ती आत गेली आणि मी पाटी घेऊन मास्तरांकडे गेलो. या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि ज्यांच्यावर काढावा ते अप्पा आता हयात नाहीत.

मी हुशार होतो. हुशार म्हणजे आगाऊ. दोन परीक्षा मी भराभर पास झालो आणि रविवारी सकाळी पडद्यावरचे सुटे सुटे शब्द मला ओळखू यायला लागले. पानी. घर. कल. माँ. बारिश. अक्का जे सांगते त्यात हे शब्द येत नाहीत, हेही कळायला लागलं. ओडक्कारी म्हणाली पाणी दे, आणि अक्का सांगते मला कुणाची भीती नाही. आधी मी गोंधळलो. मग खात्री झाली. मग, खरं सांगायचं तर, मला मजा वाटायला लागली. थोरल्या बहिणीचं एक गुपित आपल्या मुठीत आहे, मनात येईल तेव्हा उघडू, असं वाटायचं. काही आठवडे मी ते नुसतं बाळगून होतो.

त्या वर्षी अक्का बारावी झाली. गुण असे की शाळेच्या बाई घरी पेढे मागायला आल्या. तिला तिरुचीच्या मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायचं होतं. तंजावुरातही कॉलेज होतं, पण तिला हवा तो विषय तिथे नव्हता, असं ती म्हणायची. मला वाटतं तिला होस्टेल हवं होतं. अर्ज आला. आईने त्याच्या चार कोपऱ्यांना हळद लावली आणि तो देवापुढे ठेवला. महत्त्वाच्या कागदाला आमच्याकडे आधी हळद लागते, मग सही. सही अप्पांची हवी होती. अप्पा रोज संध्याकाळी देवाला नमस्कार करायचे, अर्जाकडे बघायचे आणि म्हणायचे, “बघूं.” शेवटची तारीख सोमवारी होती.

त्या आठवड्यांत अक्काची ओडक्कारी बदलली. होडी समुद्राच्या तोंडाशी आली होती. तिथे एक दीपगृह होतं आणि त्यात भुवया लोंबणारा एक म्हातारा राहायचा. ओडक्कारी त्याच्याकडे उतरली होती, त्याचा दिवा पुसायची, त्याला मासे भाजून द्यायची. समुद्रापलीकडे एक बेट दिसायचं. अक्काने सांगितलं, त्या बेटावर एक मोठी शाळा आहे आणि तिला तिथे जायचंय. पण म्हातारा सोडत नाही, कारण मग दिवा कोण पुसणार? हे सांगताना ती पोरांकडे बघत नव्हती, पडद्याकडेही फारसं नाही. आरामखुर्चीत अप्पा वर्तमानपत्र मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांनी रविवारी वर्तमानपत्र खाली ठेवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दहा वर्षांच्या पोराला एवढं कळत नाही असं लोक म्हणतात. मला कळत होतं. अक्का कुणाशी बोलते आहे हे मला स्पष्ट कळत होतं, आणि अप्पा विरघळत आहेत हेही दिसत होतं.

आणि मला ती जायला नको होती. इतक्या वर्षांनी हे लिहितो आहे ते एवढं वाक्य लिहिण्यासाठी. माझी वेणीफणी सोडून बाकी सगळं ती करायची. गणितं, नखं, तापात कपाळावर घड्या. रात्री माझ्या आणि भिंतीच्या मध्ये ती झोपायची कारण मला पालीची भीती वाटायची. ती तिरुचीला गेली की भिंतीकडे कोण झोपणार? पन्नास-पंचावन्न किलोमीटर अंतर, बसने दीड-दोन तास. मला ते बेटच वाटत होतं.

तो सोमवारच्या आधीचा रविवार. खोली भरलेली. मामा उंबऱ्यात, परडीत न विकलेली कनकांबरं, म्हणजे अबोलीची फुलं. पडद्यावर दीपगृहाच्या पायरीवर ओडक्कारी उभी, पाठीला गाठोडं. बगळा काखेत. वारा सुटलेला, शीड फडफडतंय. म्हातारा दारात आला. मुलगी काहीतरी बोलली, बराच वेळ. अक्का म्हणाली, “ती म्हणत्ये, आजोबा, मला जाऊं द्या. मी तुमच्या दिव्यावर लक्ष ठेवीन तिकडून. दर पुनवेला येईन. मी तुम्हांस विसरणार नाही.” तिचा आवाज जरा हलला. म्हाताऱ्याने आभाळाकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि तोंड उघडलं.

“तो म्हणतो,” अक्का म्हणाली, “जा, माझ्या बाळे.”

“खोटं!” मी उठून उभा राहिलो. “खोटं सांगत्ये ती! तो म्हणाला, बारिश येणार, आत ये! पाऊस येणार, आत ये म्हणाला! जा म्हणालाच नाही! तिला हिंदी येतच नाही! इतके दिवस सगळं चुम्मा सांगत्ये!”

चुम्मा म्हणजे उगीच, फुकटचं. तमिळमधला तो शब्द पोरांना इतका नेमका लागला की खोली हसण्याने फुटली. चुम्मा, चुम्मा, करत पोरं एकमेकांना ढकलायला लागली. त्या गोंधळात टीव्ही काय बोलत होता ते कुणालाच ऐकू येईना. मी बारिश, बारिश ओरडत नाचत होतो. मला वाटलं होतं अक्का रागावेल, कान धरेल. ती तशीच भिंतीला टेकून उभी होती. तिने फक्त अप्पांकडे पाहिलं.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्या घरात हिंदी येत नाही हे आता गल्लीला कळलं होतं. एवढंच त्यांच्या डोक्यात असणार.

मामा उठले. पोरांना दटावून म्हणाले, “गप्प रे! आम्ही काय हिंदी ऐकायला येत होतो? आम्ही पापाला ऐकायला येत होतो.” त्यांनी परडीतला कनकांबराचा गजरा अक्काच्या हातात दिला आणि पोरांना घेऊन गेले. चांगला माणूस. पण हिंदी न येणाऱ्याने बाजू घेतली म्हणून अप्पांना ते आणखीच झोंबलं.

दुपारी कुणी नीट जेवलं नाही. संध्याकाळी अप्पा देवापुढे उभे राहिले, नमस्कार केला, अर्जाकडे पाहिलं. आई दारात उभी होती. ते शांतपणे म्हणाले, “चार लोकांपुढे वर्षभर खोटं बोलणारी पोर. तिला परगावी, होस्टेलात, कुणाच्या भरंवशावर ठेवायची?”

कोणत्या तोंडाने म्हणाले ते? पहिलं खोटं कुणाचं होतं? आईला ते माहीत होतं, अक्काला होतं, मला होतं. आम्ही तिघंही बोललो नाही. अक्का इतकंच म्हणाली, “सरि, अप्पा,” म्हणजे बरं, आणि विहिरीवर भांडी घासायला गेली. सोमवार गेला. हळदीच्या कोपऱ्यांचा तो अर्ज गणेशचतुर्थीला देव्हारा धुवायला काढला तेव्हापर्यंत तिथेच पडून होता.

त्या रात्रीही ती भिंतीकडेच झोपली, आणि माझ्या अंगावरची चादर सरकली तेव्हा तिने ती ओढून नीट केली. रागाचा एक शब्द नाही. त्यापेक्षा तिने मला चोपलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारपासून ती पुढच्या खोलीत आली नाही. पोरांनी मला उभं केलं. मी सांगायला लागलो, पानी, घर, कल. दोन रविवारांत पोरं कंटाळून गेली. मामा पहिल्याच रविवारी आले नाहीत. पावसाळ्याच्या सुमारास केबलवाल्याने गच्चीवर छत्री लावली, तमिळ वाहिन्या आल्या, आणि ओडक्कारीचं पुढे काय झालं हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. कुणी विचारलंही नाही.

अक्काने घरून पत्राद्वारे बी.ए. केलं, इतिहास घेऊन, ज्यात तिला काडीचा रस नव्हता. एकविसाव्या वर्षी कुंभकोणमच्या एका मराठी घरात तिचं लग्न झालं. नवरा भला माणूस, सोसायटीच्या बँकेत. मी? मी तिरुचीला गेलो. इंजिनिअरिंगला, होस्टेलात राहून. सामान बांधायला तीच माहेरी आली होती, लोणच्याच्या बरणीचं तोंड मेणाने बंद करून दिलं आणि म्हणाली, “पाली असतील तर पलंग भिंतीपासून लांब ओढ, काय?” मी हो म्हणालो. त्या दिवशी तिची माफी मागायची होती. बस आली.

मग पुणं, नोकरी, संसार. देवनागरी शिकलो, पुण्याची मराठी शिकलो, हिंदी तर फडाफड बोलायला लागलो. माफी राहूनच गेली. असं काही नव्हतं की आम्ही बोलत नव्हतो. दर रविवारी फोन व्हायचा, पण तिच्या एकुलत्या मुलीच्याच गोष्टी व्हायच्या. त्या मुलीला तिने तिरुचीला होस्टेलात ठेवूनच शिकवलं, नवऱ्याशी भांडून. भांडलेलं मला मुलीकडून कळलं.

अक्काला कर्करोग झाला तो एकदा बरा झाला आणि मग उलटला. शेवटचे पंधरा दिवस ती तंजावूरच्या हॉस्पिटलात होती. मी रजा टाकून आलो. दुपारी मुलगी जेवायला जायची तेवढा वेळ मी बसायचो. अक्का अगदी लहान दिसत होती, मनगटं माझ्या दहा वर्षांच्या मनगटाएवढी. एका दुपारी ती छताकडे बघत होती. छतावर पाल होती. ती म्हणाली, “अरे, ओडक्कारीचं पुढं काय झालं रे?”

तीस वर्षांत तो शब्द आमच्यात पहिल्यांदा निघाला. “ठाऊक नाही, अक्का,” मी म्हटलं.

“तुला तर हिंदी येतंय,” ती म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच नव्हता. तिला वाटत होतं मी शेवटपर्यंत पाहिलं असेल.

मी फोन काढला. आता सगळं सापडतं. कुणीतरी जुन्या टेपवरून उतरवलेले ते भाग, तीच हिंदी, वर-खाली होणारी चित्रं, पण रंगीत. मी पलंगाशी स्टूल ओढलं आणि फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने बघितलं आणि तोंडावर हात नेला. “अय्यो, शीड हिरवं आहे की रे!” आम्ही दोघं हसलो. तिला हसताना दुखत होतं, तरी हसली.

मी भाग शोधत गेलो आणि दीपगृह आलं. पायरी, गाठोडं, काखेत बगळा, वारा. मला थांबवायचं होतं, पण ती टक लावून बघत होती. मुलगी बोलली. मी हळू आवाजात अक्काला सांगायला लागलो. मुलगी म्हणत होती, आजोबा, मी निघते, मला अडवू नका. म्हाताऱ्याने आभाळाकडे पाहिलं, मग मुलीकडे. पाऊस येतोय, आत ये, तो म्हणाला. मी बरोबर ऐकलं होतं. आणि मग, ज्या जागी आमच्या खोलीत हसण्याचा गोंधळ झाला होता त्या जागी, तो पुढे बोलला. आज रात्र थांब. सकाळी निघ. मी काही तुला अडवणार नाही, जा, माझ्या बाळे.

मी ते मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. एक अक्षर हिंदी न येता, नुसता त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून, तिने बरोबर सांगितलं होतं. वर्षभरात एवढंच एक वाक्य शब्दाला शब्द बरोबर, आणि नेमकं त्यावर मी उठलो होतो.

“अक्का,” मी म्हटलं, “तो जा म्हणाला. तू सांगितलंस तेच. आत ये म्हणाला आणि मग म्हणाला, सकाळी जा. तू बरोबर होतीस. मी चुकलो. मी पुढचं ऐकलंच नाही, अक्का.”

तिने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. माझे डोळे वाहत होते आणि ती मला लहानपणी ताप उतरला का बघायची तशी बघत होती.

“शपथ, अक्का. देवाची शपथ. पुन्हा लावतों, ऐक.”

मी पुन्हा लावलं. म्हातारा पुन्हा बोलला. पण तिला त्यातलं काय कळणार? तिला हिंदी शिकायला कुणी पाठवलं होतं? तिने हात उचलला, सुईचा हात, आणि माझ्या मनगटावर ठेवला.

“असूं दे रे,” ती म्हणाली. “चांगलं सांगतोस. अगदी माझ्यासारखं.”

तिने डोळे मिटले. फोन माझ्या हातात तसाच चालू होता. पडद्यावर पाऊस पडून गेला, सकाळ झाली, म्हाताऱ्याने दोर सोडला आणि हिरव्या शिडाची होडी समुद्रात निघाली.

“अक्का, बघ,” मी म्हटलं. “निघाली ती.”

“हूं,” अक्का म्हणाली. डोळे उघडले नाहीत.